मॉरिशसमध्ये आपल्या सोयीने फिरणे : बस, मेट्रो की गाडी?

कोथरूडची_वाट

नमस्कार. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही पाच जण मॉरिशसला जाण्याचे ठरवत आहोत : मी, माझे यजमान, सातवीतली मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे उंच पायऱ्या आणि लांबची पायपीट टाळावी लागते. सासरे मात्र ठणठणीत असून त्यांना बाजार, गावे आणि तिथली माणसे पाहण्याची फार हौस आहे.

पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा ‘उत्तर दर्शन’, ‘दक्षिण दर्शन’ आणि एक होडीची सफर असा ठरावीक कार्यक्रम समोर आला. दिवसभर गाडीत बसायचे, आठ-नऊ ठिकाणी उतरून छायाचित्रे काढायची आणि अंधार पडता पडता हॉटेलवर परतायचे, असे त्याचे स्वरूप आहे. आम्हाला कमी ठिकाणे पाहिली तरी चालतील, पण तिथे निवांत थांबता आले पाहिजे. नकाशावर देश एवढा लहान दिसतो की सगळे आपले आपण जमेल असे वाटते. तिथल्या बस आणि नव्या मेट्रोवर कितपत विसंबता येते? गाडी स्वतः चालवावी की चालकासह घ्यावी? राहण्याचे ठिकाण कोणते निवडावे? ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अनवट_प्रवासी

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे, असे मी सुचवेन, कारण मॉरिशसमध्ये मुक्काम कुठे आहे यावरच प्रवास कसा होणार हे ठरते. मुख्य बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. पुण्याहून लोणावळ्याला जावे एवढ्यात देश संपतो. तरीही अंतर आणि वेळ यांचा मेळ तिथे सहज बसत नाही. विमानतळ आग्नेयेला प्लेन मान्येंजवळ आहे. तिथून निघालेला महामार्ग मधल्या पठारावरून वायव्येकडच्या राजधानीला, म्हणजे पोर्ट लुईला येतो आणि पुढे उत्तर टोकाच्या ग्रां बेकडे जातो. या एका तिरक्या रेषेवर वेग मिळतो. पश्चिम, दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांचे रस्ते मात्र गावागावांतून, उसाच्या शेतांमधून आणि डोंगराच्या कडेने वळणे घेत जातात. उत्तरेला ग्रां बेमध्ये राहून नैर्ऋत्येचा ल मॉर्न डोंगर पाहायला निघालात, तर जाण्यायेण्यातच साडेतीन-चार तास सहज मोडतात.

म्हणून देश लहान आहे, एकाच ठिकाणी राहून सगळे पाहू, हा विचार सोडावा आणि दोन मुक्काम करावेत. एक पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकच्या परिसरात आणि दुसरा उत्तरेला किंवा आग्नेयेला माएबूरजवळ. प्रत्येक मुक्कामावरून जवळचे तेवढेच पाहावे.

पर्वती_पायथा

दोन मुक्कामांना माझा पाठिंबा आहे. शेवटची रात्र माएबूर किंवा ब्लू बे येथे काढली, तर विमानाच्या दिवशी सकाळची धावपळ वाचते.

रानडे_फ्रेंच

बसविषयी लिहितो, कारण माझा बहुतेक प्रवास बसनेच झाला आणि तो मला अतिशय आवडला.

मॉरिशसमध्ये बससेवा एका संस्थेच्या हातात नाही. सरकारी नॅशनल ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन आहे आणि तिच्या जोडीला काही मोठ्या खासगी कंपन्या व अनेक छोटे बसमालक आहेत. बसमध्ये वाहक असतो, तो जागेवर येऊन तिकीट देतो. पोर्ट लुईमध्ये दोन मोठी स्थानके आहेत. उत्तरेकडच्या बस इमिग्रेशन स्क्वेअरहून सुटतात आणि दक्षिण-पश्चिमेकडच्या व्हिक्टोरियाहून. ही दोन्ही एकाच शहरात असली, तरी एका बसमधून उतरून दुसरीकडे जायला बाजारपेठेतून काही अंतर चालावे लागते. आपल्या सासऱ्यांना ते चालणे नक्की आवडेल, कारण मधेच सेंट्रल मार्केट लागते आणि तिथे गरम डाळपुरी मिळते.

थांब्यावर वेळापत्रक लावलेले असेलच असे नाही. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारावे; लोक अत्यंत आपुलकीने सांगतात आणि अनेकदा आपली बस येईपर्यंत लक्षही ठेवतात. लोक आपसात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, बोलतात, वाचायला फ्रेंच वर्तमानपत्रे असतात आणि सरकारी कामकाज इंग्रजीत चालते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले फ्रेंच मला तिथे उपयोगी पडले, परंतु ते येत नसेल तरी इंग्रजीवर आणि बऱ्याच ठिकाणी हिंदीवर काम भागते.

औंधकर_१९५६

रानडे_फ्रेंच यांच्या उत्साहाचा आदर राखून मी वेगळे मत नोंदवतो. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने बसवर विसंबू नये. जुन्या बसच्या पायऱ्या उंच आहेत, सामान ठेवायला वेगळी जागा नसते, आणि शाळा सुटण्याच्या वेळी बस विद्यार्थ्यांनी भरून जाते. तिथे २००५ पासून विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठ नागरिकांना बसप्रवास मोफत आहे. ही धोरण म्हणून फार चांगली गोष्ट आहे, पण त्यामुळे गर्दीच्या वेळी बसायला जागा मिळणे अवघड होते. शिवाय गावांकडे जाणाऱ्या बस संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास बंद होतात. सूर्यास्त पाहायला किनाऱ्यावर थांबायचे असेल, तर परतायचे कसे हा प्रश्न उभा राहतो.

पाच माणसांचे बसभाडे, त्यात गेलेला वेळ आणि सासूबाईंचे गुडघे यांचा एकत्र विचार करता चालकासह गाडी हाच योग्य पर्याय आहे.

रानडे_फ्रेंच

औंधकरजी, संध्याकाळच्या बसविषयीचे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे आणि ते मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते. दुपारी तीननंतर नव्या ठिकाणी जायला बस पकडू नये, हा नियम पाळला तर अडचण येत नाही. मात्र सकाळी दहा ते दोन या वेळात बस बऱ्याच रिकाम्या असतात. सगळा प्रवास बसने करावा असा माझा आग्रह नाही. काही ठिकाणांसाठी बस हाच सर्वांत सुखद मार्ग आहे, एवढेच मला सांगायचे आहे. पोर्ट लुईहून पांप्लमूसला जाणे हे त्याचे उत्तम उदाहरण. तिथल्या वनस्पती उद्यानात महाकाय कमळपानांचे तळे आहे, वाटा सपाट आहेत, आणि ‘लाव्हांत्यूर द्यु स्युक्र’ हे साखरेचे संग्रहालय तिथून जवळ आहे. जुन्या साखर कारखान्यात ते उभारले आहे. उसाचा हा देश समजून घ्यायचा असेल, तर तिथे अर्धा दिवस द्यावा.

मेट्रोप्रेमी

मेट्रोविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ‘मेट्रो एक्स्प्रेस’ ही रस्त्याच्या पातळीवरून धावणारी हलकी रेल्वे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये पोर्ट लुई ते रोझ हिल या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती कात्र बोर्न, फिनिक्स, वाक्वा असे टप्पे घेत क्युरपीपला पोहोचली. हा मार्ग सुमारे २६ किलोमीटरचा आहे. पुढे जानेवारी २०२३ मध्ये रोझ हिलहून रेद्युईकडे जाणारी शाखा सुरू झाली. काम लार्सन अँड टुब्रो या आपल्या कंपनीने केले आणि त्याला भारत सरकारचे अर्थसाहाय्य होते.

या बेटावर पूर्वीही रेल्वे होती. १८६४ मध्ये ब्रिटिशांनी ती सुरू केली, ती प्रामुख्याने ऊस आणि साखर वाहून नेण्यासाठी. १९५६ मध्ये प्रवासी वाहतूक थांबली आणि १९६४ मध्ये रेल्वे पूर्ण बंद झाली. आजच्या मेट्रोचा काही भाग त्या जुन्या लोहमार्गाच्या जागेवरूनच जातो. रेल्वे बंद करून सर्व भार रस्त्यांवर टाकलेल्या देशाने पुन्हा रुळांकडे वळावे, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते.

डब्याची आणि फलाटाची पातळी सारखी असल्यामुळे सासूबाईंना चढण्या-उतरण्याचा त्रास होणार नाही. मात्र एक लक्षात घ्यावे : मेट्रो विमानतळाला जात नाही आणि एकाही समुद्रकिनाऱ्याला जात नाही. ती तिथल्या नोकरदारांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी बांधलेली आहे. आपल्यासारख्यांनी ती पठारावरची शहरे पाहण्यासाठी वापरावी.

बाणेरची_लेक

मेट्रोप्रेमी यांच्या मुद्द्याला पुस्ती जोडते. माझी मोठी बहीण नोकरीनिमित्त मोकाजवळ राहते, त्यामुळे हा भाग मला परिचित आहे. एक पूर्ण दिवस मेट्रोचा ठेवावा. सकाळी पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाट पाहावा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून आलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांपासून जो इतिहास सुरू झाला, त्याचे हे ठिकाण. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे इथे उतरली. २००६ पासून हा घाट जागतिक वारसा यादीत आहे. तिथून मेट्रोने कात्र बोर्नला यावे. गुरुवारी आणि रविवारी तिथे कपड्यांचा, तर बुधवारी आणि शनिवारी भाजीचा मोठा बाजार भरतो. वार पाहून दिवस ठरवावा.

दुपारी क्युरपीप. ते सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने किनाऱ्यावर कडक ऊन असतानाही तिथे पाऊस आणि गारवा असू शकतो. स्वेटर आणि छत्री बरोबर ठेवावी. त्रू ओ सेर हे जुन्या ज्वालामुखीचे मुख तिथेच आहे. स्थानकावरून तिकडे चढ आहे, म्हणून सासूबाईंसाठी टॅक्सी करावी.

सिंहगड_रस्ता

टॅक्सीचा विषय निघाला आहे, तर सांगतो. मीटरवर भाडे ठरत नाही. बसण्यापूर्वी रक्कम ठरवावी आणि ती एकेरी की परतीसह, थांबण्याचा वेळ धरून की वगळून, हे स्पष्ट बोलून घ्यावे. आपण ज्या घरगुती निवासात राहाल, तेथील मालकांना चालक सुचवायला सांगावे. ओळखीतून आलेला माणूस जबाबदारीने वागतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या पहिल्या चालकाने आम्ही न सांगता जहाजांच्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानांसमोर गाडी उभी केली. दुसऱ्या चालकाशी आधीच बोलणे झाले होते, त्यामुळे त्याने एकदाही तसे केले नाही आणि वाटेत उसाच्या शेतांमधले काळ्या दगडांचे ढिगारे शेतजमीन मोकळी करताना मजुरांनी रचले, हे आपणहून समजावून सांगितले.

मुळाकाठ

स्वतः गाडी चालवण्याचा पर्याय इतक्या लवकर बाजूला टाकू नये. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सवय बदलावी लागत नाही. रस्ते चांगले आहेत. महामार्गावर वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटरपर्यंत आहे, पण गावे लागली की ती झटकन खाली येते आणि वेग टिपणारे कॅमेरे जागोजागी आहेत. वर्तुळाकार चौक पुष्कळ आहेत. चौकात आधीच शिरलेल्या, म्हणजे आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनाला वाट द्यायची, हा नियम तिथे खरोखर पाळला जातो.

निघण्यापूर्वी संगम पुलाजवळच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर भरता येतो, शुल्क १००० रुपये आहे आणि परवाना एक वर्ष चालतो. मूळ परवाना सोबत बाळगावाच लागतो. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालय बंद असते, त्यामुळे हे काम सप्टेंबरमध्येच उरकावे.

औंधकर_१९५६

मुळाकाठ, दिवसा हे ठीक आहे. किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यांना बऱ्याच ठिकाणी पदपथ नाहीत, अंधारात सायकली आणि पादचारी उशिरा दिसतात, आणि ऊसतोडणी वर्षअखेरीपर्यंत चालू असल्यामुळे उसाने भरलेले मोठे ट्रक हळू चालत असतात. अशा रस्त्यांवर रात्री गाडी चालवू नये.

मुळाकाठ

पूर्णपणे मान्य. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. नोव्हेंबरमध्ये सूर्यास्त सव्वासहाच्या पुढे होतो, जून-जुलैत तो पावणेसहाच्या सुमारासच होतो.

पर्वती_पायथा

पैशांचे काय करावे? यूपीआय चालते असे ऐकले आहे.

बाणेरची_लेक

१२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे कार्ड सुरू झाले आहे, परंतु ते सर्व दुकानांत असेल असे समजू नये. बसच्या वाहकाला, बाजारात आणि डाळपुरीच्या गाडीवर रोख रक्कमच द्यावी लागते, तीही शक्यतो सुट्टी. मॉरिशसचा एक रुपया आपल्या दोन रुपयांपेक्षा किंचित कमी मोलाचा आहे, असे धरून हिशेब करावा.

कोथरूडची_वाट

सर्वांचे मनापासून आभार. आता चित्र स्पष्ट होत आहे. सासऱ्यांनी हा धागा वाचला आणि दोन प्रश्न विचारले. तिथले हिंदू पवित्र मानतात त्या गंगा तलावाला कसे जावे? आणि तिथे मराठी माणसे राहतात असे त्यांनी वाचले आहे, त्यांची गावे पाहता येतील का?

अनवट_प्रवासी

गंगा तलाव, शामारेलची सप्तरंगी माती, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचे राष्ट्रीय उद्यान आणि ल मॉर्नचा डोंगर हे सर्व नैर्ऋत्य भागात आहे. या भागात बस तुरळक आहेत. याच कामासाठी एक दिवस चालकासह गाडी घ्यावी. पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम असेल तर सकाळी लवकर निघून आधी गंगा तलाव, मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसची दरी, मग शामारेल आणि शेवटी उतरून ल मॉर्न, असा क्रम सोयीचा पडतो. चारांपैकी एखादे ठिकाण वगळावे लागले तर खुशाल वगळावे, पण ल मॉर्न वगळू नये. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांनी या उभ्या कड्यांच्या डोंगरात आसरा घेतला होता आणि २००८ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पायथ्याच्या किनाऱ्यावर, सावलीत बसून तो पाहता येतो. सासूबाईंना चढावे लागणार नाही.

महाशिवरात्रीच्या सुमारास मात्र गंगा तलावाकडे पर्यटक म्हणून जाऊ नये. त्या दिवसांत लाखो भाविक पांढऱ्या वस्त्रांत, सजवलेल्या कावडी घेऊन बेटाच्या सर्व बाजूंनी चालत येतात आणि रस्ते त्यांचे असतात.

बाणेरची_लेक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आनंदाने देते. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातली पुष्कळ माणसे होती आणि त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. घरात बहुतेक जण क्रिओल बोलतात, परंतु शाळांत मराठी शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. फ्लिक आं फ्लाककडे वळण्याच्या रस्त्यावर कास्कावेल हे गाव आहे, तिथे जुनी मराठी वस्ती आणि देऊळ आहे. पश्चिमेला मुक्काम केलात, तर बसनेही हे गाव गाठता येते.

एक विनंती : तिथे ‘दर्शनीय स्थळ’ म्हणून जाऊ नये. देवळात जाऊन नमस्कार करावा, कोणी भेटले तर आपण पुण्याहून आलो असे सांगावे. माझ्या बहिणीच्या शेजारणीने मला पहिल्याच भेटीत आपल्या खापरपणजोबांच्या आगमनाच्या नोंदीची प्रत दाखवली होती. त्या नोंदींची कागदपत्रे तिथे जतन केलेली आहेत आणि अनेक घरांना आपले मूळ गाव त्यांतूनच कळले आहे. असे बोलणे तासाभराचे असते, त्यामुळे त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये.

सिंहगड_रस्ता

आमच्या मुलाला वादळाची भीती वाटत होती. नोव्हेंबरमध्ये कितपत धोका असतो?

मेट्रोप्रेमी

चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा मानतात, परंतु जोर जानेवारी ते मार्चमध्ये असतो. तिथे इशाऱ्यांच्या पहिली ते चौथी अशा चढत्या श्रेणी आहेत. तिसरी श्रेणी जाहीर झाली की वाहतूक थांबते आणि लोक घराबाहेर पडत नाहीत. पर्यटकांनीही हे काटेकोरपणे पाळावे. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून पाण्याच्या लोंढ्यात मोटारी वाहून गेल्या होत्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मात्र तुलनेने कोरडे आणि फिरण्यास उत्तम महिने आहेत.

कोथरूडची_वाट

घरात चर्चा करून आमचे असे ठरले आहे. विमानतळावरून थेट पश्चिम किनाऱ्यावर जाण्यासाठी निवासाच्या मालकांकडूनच गाडी मागवू. तिथल्या मुक्कामात एक दिवस चालकासह नैर्ऋत्य भाग, एक दिवस कास्कावेल आणि समुद्र, आणि एक दिवस सकाळी बसने पोर्ट लुईला जाऊन पुढे मेट्रो. पांप्लमूसला वेगळा दिवस देऊ. नंतर माएबूरला मुक्काम हलवू आणि तिथे दोन दिवसांसाठी गाडी भाड्याने घेऊन यजमान चालवतील, अंधारापूर्वी परत. मुलीला इल ओ सेर या बेटावर जायचे आहे. माएबूरहून ते जमेल का?

मुळाकाठ

योजना उत्तम आहे. इल ओ सेरसाठी पूर्व किनाऱ्यावरच्या त्रू दो दूस या गावातून होड्या सुटतात आणि माएबूरहून तिथवरचा किनाऱ्याचा रस्ता बेटावरच्या सर्वांत सुंदर रस्त्यांपैकी एक आहे. सकाळी नऊच्या आत पोहोचा, म्हणजे दुपारची गर्दी होण्यापूर्वी किनारा मोकळा मिळेल. होडीत चढताना थोडे पाण्यात उतरावे लागू शकते, म्हणून सासूबाईंसाठी धक्क्यावरून सुटणारी होडी आहे का, हे आधी विचारा. त्यांना जमत नसेल, तर सासूबाईंनी आणि सासऱ्यांनी गावातच थांबावे. किनाऱ्यालगत सावली आहे आणि मासेमारांची ये-जा पाहण्यात वेळ चांगला जातो. होडीवाल्याशी परतीची वेळ जातानाच पक्की करा आणि परतीचे पैसे परत आल्यावर द्या.

पर्वती_पायथा

रविवारी तिकडे जाऊ नका. स्थानिक कुटुंबे त्या दिवशी डबे घेऊन किनाऱ्यांवर येतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. रविवारी दुपारी शहरांतली दुकानेही बंद असतात आणि बस कमी असतात, तेव्हा तो दिवस मुक्कामाजवळच्या समुद्रासाठी राखून ठेवावा.